दीड इंच कापड

फॉर्म अकरा पानांचा होता. पहिली दहा पानं धाकट्यानं एका बैठकीत भरून टाकली. नाव, पत्ता, उंची, चष्मा आहे का, रंग ओळखता येतात का, दोन्ही कानांनी सारखं ऐकू येतं का. सगळा सरळ मामला. घोडं पेंड खात होतं ते अकराव्या पानावर.

त्या पानावर दहा वर्षांचा तक्ता होता. एका वर्षाची एक ओळ, ओळीत बारा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात आपण त्या महिन्यात कुठे कामाला होतो ते लिहायचं. 'एकही चौकोन रिकामा सोडू नये' असं वर ठळक अक्षरात. काम नसेल तर खाली तीन रकाने: खंड कधीपासून कधीपर्यंत, त्याचं कारण, आणि त्या काळात तुम्हाला ओळखत असलेल्या, नात्यात नसलेल्या एका व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर.

हा फॉर्म तयार करणाऱ्या माणसाला जन्मात कधी काही झालेलं नसणार. त्याच्या हिशेबी माणूस शुक्रवारी एका नोकरीतून उठतो आणि सोमवारी दुसरीत बसतो. मधल्या शनिवार-रविवारी आजारी पडायचं, माणसं स्मशानात पोहोचवायची, रडून घ्यायचं. ज्याला जमलं नाही त्यानं रकाने भरावेत.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा. वय एकोणचाळीस, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली, पण दादा-वहिनीच्या घरात राहत होता आणि दादा अजून दादाच होता, म्हणून हा धाकटाच. त्याच्या तक्त्यातली पहिली तीन वर्षं छापखान्यात कागदाची रिळं उतरवण्यात गेलेली, ते चौकोन झटकन भरले. छापखाना बंद पडला ते पाच महिने रिकामे, पण मालकाचं पत्र होतं. मग एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवली. मग आई अंथरुणाला खिळली आणि धाकटा अकरा महिने तिच्या उशाशी. त्याचे हॉस्पिटलचे कागद पिशवीभर निघाले. आई गेल्यावर तो गोदामात परत लागला, आठ महिने मान खाली घालून काम केलं, आणि मग एका मंगळवारी सकाळी तो उठलाच नाही.

म्हणजे डोळे उघडले. पण पाय खाटेवरून खाली टाकायचा तो टाकला नाही. त्या मंगळवारानंतर सव्वीस महिने तो माडीवरच्या खोलीत होता. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. तो खाटेवरून खुर्चीवर यायचा आणि खुर्चीवरून खाटेवर जायचा. शेवटच्या सहा महिन्यांत एक भले डॉक्टर मिळाले, औषध लागू पडलं, आणि एके दिवशी धाकटा जिना उतरून खाली आला. त्यानंतर वीस महिने त्यानं एका बेकरीच्या गोदामात पोती मोजली, जड वाहनांचं लायसन काढलं, आणि डॉक्टरांनी 'गाडी चालवायला काहीही हरकत नाही' असा कागदही लिहून दिला.

लायसन का काढलं, तर फोर्कलिफ्टवर असताना त्याला आयुष्यात फक्त एका माणसाचा हेवा वाटला होता. चाळीस फुटी ट्रेलर उलटा घेत घेत, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून, मालाच्या धक्क्याला अलगद टेकवणाऱ्या ड्रायव्हरचा. सव्वीस महिन्यांत धाकट्याला कशाचीच इच्छा झाली नव्हती. जेवणाची नाही, माणसांची नाही. मग हळूहळू माणसात आल्यावर जी पहिली इच्छा परत आली ती ही. म्हणून हा फॉर्म त्याच्यासाठी नुसता नोकरीचा फॉर्म नव्हता, आणि घरातही सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"खरं लिहायला गेलास तर संपलं," दादा म्हणाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म पसरलेला होता आणि दादा त्याच्याकडे वीजबिलाकडे बघावं तसा बघत होता. "मनाचा आजार होता, असं लिहिलंस की चाळीस टनांची गाडी सोड, हातगाडीसुद्धा कुणी हातात देणार नाही."

"डॉक्टरांचा कागद आहे की," वहिनी म्हणाली.

"तो शेवटच्या सहा महिन्यांचा. आधीच्या वीस महिन्यांचं काय? गाड्यांचा विमा उतरवणारे लोक विचारणार, हा माणूस होता कुठे? तुरुंगात होता? कुठे गाडी ठोकून पळाला होता? आणि साक्षीला कोण? नात्यातला चालत नाही. ह्यानं तर नात्यातल्यांनाही तोंड दाखवलं नव्हतं."

दादा कठोर नव्हता, घाबरलेला होता. घाबरला की त्याचा आवाज चढायचा, लहानपणापासून.

मग दादाला फुगा आठवला. फुगा हा दादाचा शाळेपासूनचा मित्र. बाजारात त्याचं खिळे-कुलपं-रंगाचं दुकान होतं. माणूस सोन्यासारखा, पण कुठलीही गोष्ट त्याच्या तोंडात गेली की बाहेर येताना दुप्पट होऊन यायची. दुकानात उंदीर दिसला तर तो मांजराएवढा असायचा. म्हणून नाव फुगा, आणि ते त्याला आवडायचंही. दादानं फोन केला, फुगा लगेच हो म्हणाला. सव्वीस महिने धाकटा फुग्याच्या दुकानात मदतनीस होता, एवढंच सांगायचं. एक शब्द इकडे नाही, एक शब्द तिकडे नाही.

"मदतनीस," दादानं दोनदा बजावलं. "बास."

"अरे, मला काय शिकवतोस?" फुगा म्हणाला.

धाकट्यानं सव्वीस चौकोनांत 'मदतनीस' लिहिलं. सव्वीस वेळा तोच शब्द लिहिताना त्याला मनातून फार लाज वाटली. पण चौकोन भरलेले दिसले आणि तक्ता एखाद्या नीटनेटक्या माणसाचा वाटायला लागला, हेही खरं.

कंपनी लहान होती, अकरा गाड्यांची. शहराबाहेर तिचं यार्ड होतं. तारेचं कुंपण, डिझेलचा वास, पत्र्याच्या शेडमध्ये ऑफिस आणि ऑफिसाबाहेर जुन्या टायरात लावलेली फुलझाडं. सगळा कारभार एका बाईंच्या हातात. त्यांनी स्वतः बावीस वर्षं ट्रक चालवला होता, आणि चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावर जास्त वेळ असायचा. यार्डात सगळे त्यांना बाई म्हणत आणि बाई सगळ्यांना अरे-तुरे करत.

फॉर्म दिला त्याच दिवशी यार्डात परीक्षा होती. सहा उमेदवार होते. उभ्या दोन ट्रेलरांच्या मधल्या फटीत तिसरा उलटा घालायचा आणि धक्क्याला टेकवायचा. परीक्षा घेणारे मास्तर हातात वही घेऊन लांब उभे. पहिले पाच जण आरशात बघत, मान बाहेर काढत एका दमात मागे गेले. दोघांनी बाजूच्या ट्रेलरला किंचित घासलं, पण रुबाबात घासलं.

धाकट्याची पाळी आली. तो थोडा मागे गेला आणि थांबला. ब्रेक ओढला, हवा फुस्स झाली, आणि तो दार उघडून खाली उतरला. मागे जाऊन बघून आला. परत चढला. आणखी थोडा मागे, परत थांबला, परत उतरला. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा बाकीचे हसायला लागले.

"अहो, चालतच जाताय का मागे?" एकानं विचारलं.

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, पण त्याला उजव्या कोपऱ्यात दिसत नव्हतं, आणि दिसत नसताना मागे जायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं. ट्रेलर धक्क्याला टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. वेळ मात्र इतरांच्या तिप्पट लागला. मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि तोंडावरची माशीही हलू दिली नाही.

चौथ्या दिवशी बाईंनी बोलावलं. चष्मा डोक्यावर, चेहरा प्रसन्न.

"तुझ्या त्या दुकानदाराशी बोलले मी," बाई म्हणाल्या. "एवढी मोठी गोष्ट फॉर्ममध्ये लिहायची नाही होय? नुसतं मदतनीस काय लिहितोस?"

धाकट्यानं जपून विचारलं, "काय म्हणाले ते?"

"दोन वर्षं त्यांचा माल पोचवायचा टेम्पो तूच चालवत होतास. महिन्याला चाळीस खेपा, घाटातूनसुद्धा. एक ओरखडा नाही. बोलताना त्यांचा गळा भरून आला, म्हणाले असा ड्रायव्हर होणे नाही."

फुग्याकडे टेम्पो नव्हता. फुग्याकडे एक सायकल होती, आणि तिच्या मागच्या चाकात हवा टिकत नव्हती.

"आमच्याकडे नियम आहे," बाई पुढे म्हणाल्या. "नव्या माणसानं सहा आठवडे मास्तरांच्या शेजारी बसून शिकायचं. पण मालवाहू गाडीचा दोन वर्षांचा अनुभव असेल तर ते माफ. एक माणूस मला कमीच पडतोय. सोमवारी सकाळी सहाला ये. घाटापलीकडची खेप आहे. एकटा जाशील."

घरी दादाला आकाश ठेंगणं झालं. त्यानं फुग्याला फोन करून आधी शिव्या दिल्या आणि मग आभार मानले. "अरे, खोटं बोलला ते बोलला, पण काय बोलला," तो धाकट्याला म्हणाला. वहिनीनं चहा टाकला. तिनं धाकट्याकडे एकदा बघितलं आणि कपात साखर घालता घालता थांबली.

"भावोजी, तुम्हाला येईल का एकट्याला?" तिनं विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला.

हा शब्द टेबलावर पडून राहिला. दादानं तो उचलून बाजूला टाकायचा प्रयत्न केला, रस्ता मोठा आहे, हळू चालव, सवय होते. पण धाकट्यानं घाट पाहिला होता. भरलेली गाडी उतारावर कशी ढकलते, कुठला गिअर आधी घ्यायचा, ब्रेक तापले तर काय, हे सगळं त्याला पुस्तकातून पाठ होतं आणि हातापायांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते सहा आठवडेच तर त्याला हवे होते. फुग्यानं त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि खाली सगळे टाळ्या वाजवत होते.

"समोरून कुणी शाळेची बस घेऊन येत असेल, दादा," तो म्हणाला. दादाची चूक एवढीच होती की धाकट्या भावावर त्याचा फार जीव होता, आणि अशा चुकीसाठी माणसाला फार वेळ रागावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा यार्डात गेला आणि बाईंना सगळं सांगितलं. टेम्पो नाही, दुकान नाही, मदतनीस नाही. सव्वीस महिने माडीवरची खोली. का, ते नीट सांगता येत नाही. डॉक्टरांचा कागद त्यानं टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला, कागद वाचला, चष्मा परत डोक्यावर सारला. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मास्तर बाहेर एका टायरावर हातोडी मारून हवेचा आवाज ऐकत होते.

"आजाराचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टर ठीक म्हणतात म्हणजे ठीक. रागावले मी त्या सव्वीस चौकोनांवर. मास्तरांनी त्या दिवशी तुझ्याबद्दल काय लिहिलंय माहीत आहे? 'तीनदा उतरला. घ्यावा.' एवढंच. मला उतरून बघणारीच माणसं लागतात. आणि तू गाडीतून तीनदा उतरलास आणि फॉर्म भरताना एकदाही उतरून बघितलं नाहीस."

धाकटा खाली बघत होता.

"आता तुझ्या शब्दावर मी काही लिहू शकत नाही. विमावाले मलाच धरतील. त्या वीस महिन्यांचा साक्षीदार आण. नात्यातला नको, भावाचा मित्र तर अजिबात नको. फोनवर नको, इथे समोर उभा कर. उद्या दुपारी बारापर्यंत. नाही आणलास तर फॉर्म परत घेऊन जा."

"बाई, मी खोलीत होतो. मला कुणी बघितलंच नाही."

"मग कठीण आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते म्हणताना बरं वाटलं नाही, हे दिसलं.

धाकटा घरी आला, माडीवर गेला आणि सवयीनं खुर्चीवर बसला. पुष्कळ दिवसांनी बसला होता. जो माणूस दोन वर्षं कुठेच नव्हता त्याचा साक्षीदार कुठून आणायचा? खुर्चीवरून खाली गल्ली दिसत होती, आणि गल्लीच्या पलीकडे, बरोबर समोर, शिंपीकाकांचं दुकान. दुकान कसलं, एक दार. दारात शिलाई मशीन, मशीनमागे काका, काकांच्या ओठांत टाचण्या. मशीन थांबलं की काका दोरा दाताखाली तोडायचे आणि डोळ्यांना विश्रांती म्हणून मान वर करायचे. आत्ताही त्यांनी तसंच केलं. मान वर केली, खिडकीत धाकट्याला पाहिलं आणि त्यांचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला.

धाकटा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरला.

"पुन्हा वर जाऊन बसलास?" काकांनी विचारलं. ओठांतल्या टाचण्यांमुळे त्यांचं बोलणं नेहमी कडेनं यायचं.

"पाच मिनिटांसाठी. काका, एक काम होतं."

"उसवायचं की आत घ्यायचं?"

"सांगायचंय. त्या दोन वर्षांत मी काय करत होतो ते."

"काहीच करत नव्हतास."

"तेच सांगायचंय."

काकांनी एकेक करून टाचण्या काढल्या आणि उशीला टोचल्या. कोणाला सांगायचं, कुठे, किती वाजता, हे त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून भिंतीवरच्या फळीवरून एक जुनी, तेलकट पुठ्ठ्याची वही काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "उद्या दहाला निघू. दुकान बंद ठेवायची पाटी तेवढी शोधून दे. कुठे ठेवलीय आठवत नाही, कधी लागलीच नाही."

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये धाकट्याशेजारी बसले. वही मांडीवर, दोन्ही हात वहीवर. सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले. समोरच्या सीटवरच्या माणसाच्या कोटाकडे बघून म्हणाले, "खांदा चुकलाय."

बाईंनी काकांना खुर्ची दिली. मास्तरही हात पुसत आत येऊन दाराशी उभे राहिले.

"तुम्ही ह्याला ओळखता?" बाईंनी विचारलं.

"समोर राहतो."

"त्या दोन वर्षांत हा कुठे होता?"

"खिडकीत."

"रोज?"

"मी सकाळी मशीन उघडायचो तेव्हा असायचा. संध्याकाळी झाकायचो तेव्हा असायचा. मधे कधी दिसला नाही तर मी समजायचो आडवा झाला असेल. तासाभरात परत यायचा."

"हे सांगताय तुम्ही. लिहिलेलं काही आहे?"

काकांनी वही उघडली. शिंप्याची मापांची वही ती, तारीखवार. खुणेला लावलेल्या चिंध्यांवरून त्यांनी पानं काढली आणि बाईंसमोर सरकवली. बाईंनी चष्मा खाली घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"समोरची राखाडी पँट. कंबर चौतीसची बत्तीस करणे. माप वहिनींनी सुतळीवर आणले. माणूस वर खिडकीत." बाईंनी मान वर केली. "हे कशाला लिहिलंत, माणूस खिडकीत?"

"माप कुणी दिलं ते लिहावं लागतं," काका म्हणाले. "माणूस समोर नसेल तर तो कुठे होता तेही. नाहीतर पँट सैल झाली की भांडण माझ्याशी."

धाकट्याला ती सुतळी आठवली. वहिनी खोली झाडायला आली होती आणि बोलता बोलता तिनं त्याच्या कमरेभोवती सुतळी फिरवून गाठ मारली होती. तो खुर्चीवरून उठलाही नव्हता. पँट सैल झाली, खाली घसरते, हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं. तिला कळलं होतं, आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

बाईंनी पान उलटलं. "तीच पँट. बत्तीसची एकतीस. सुतळीवर. माणूस खिडकीत." आणखी पान. "शर्ट, कॉलर उलटी करणे. माणूस खिडकीत." आणखी. "उशीचे अभ्रे दोन. माणूस खिडकीत." अशी अकरा पानं होती. प्रत्येकावर तारीख होती, आणि पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत बाईंनी बोटांवर महिने मोजले. मग शेवटच्या खुणेचं पान आलं आणि त्यांचा आवाज थोडा हळू झाला. "शर्टाचे बटण. स्वतः आला. माप नको म्हणाला, तरी घेतले. एकतीस."

मास्तर दाराच्या चौकटीवरचा रंग नखानं खरवडत होते.

"आणि पुढे?" बाईंनी विचारलं.

"पुढे उसवत आलोय," काका म्हणाले. "बत्तीस केली. गेल्या वर्षी तेहेतीस. तीच पँट आहे. आत्ता घातलीय त्यानं. मागे वळ रे."

धाकट्याला काही कळायच्या आत काकांनी त्याला खांद्याला धरून वळवलं आणि पँटचा कमरेचा पट्टा मागून उलटा करून बाईंना दाखवला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, नोकरी मागायला आलेला, आणि त्याची पँट मागून उघडून दाखवतायत. पण काकांच्या हातात कापड आलं की समोरच्याची लाज वगैरे त्यांच्या गावी नसायची.

"ही शिवण बघा. तीन इंच कमी करायची म्हणजे इतर लोक कापून टाकतात. आत कापड राहिलं की टोचतं, फुगवटा येतो, माणूस तक्रार करतो. मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच आत दुमडून ठेवलं होतं. अजून अर्धा-अर्धा इंच शिल्लक आहे, हे बघा."

बाई टेबलावरून पुढे वाकून बघायला लागल्या. "का ठेवलंत?"

"परत लागणार होतं म्हणून."

"तेव्हा कशावरून?"

शिवणीवरून बोट फिरवत काका म्हणाले, "रोज खिडकीत यायचा ना. ज्याला काहीच नको झालेलं असतं तो भिंतीकडे तोंड करून पडतो. हा बाहेर बघायचा. मी मनात म्हटलं, उतरेल कधीतरी. कापड कशाला वाया घालवायचं."

धाकट्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. पाठ बाईंकडे होती तेवढं बरं होतं, पण समोर मास्तर उभे होते. त्यांनी खिशातून ऑइलचे डाग पडलेला रुमाल काढून पुढे केला, आणि धाकट्यानं तोच डोळ्यांना लावला.

बाईंनी अकरावं पान ओढून घेतलं. सव्वीस चौकोनांवरून त्यांनी एक सरळ रेघ मारली. खाली कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आजारी होता. बरा झाला.' साक्षीदाराच्या रकान्यापुढे काकांना सही करायला सांगितलं. काकांनी सही करायच्या आधी पेन हातात घेऊन, सुई बघावी तसं त्याचं टोक बघून घेतलं.

"सोमवारी सहाला ये," बाई धाकट्याला म्हणाल्या. "एकटा नाही. मास्तरांच्या शेजारी. पूर्ण सहा आठवडे, एक दिवस कमी नाही. आणि त्या दुकानदाराला सांग, माझा नंबर फाडून टाक म्हणावं."

फुग्याला ते सांगितलं. तो दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवसापासून बाजारात सांगायला लागला की धाकट्याला ट्रकवर आपणच लावला.

सहा आठवडे मास्तर शेजारी बसून होते. ते फार बोलत नसत. उतारावर गिअर चुकला की नुसते खोकायचे. पहिल्या आठवड्यात त्यांना खोकल्याचं औषध द्यावं लागेल असं वाटत होतं, चौथ्या आठवड्यात खोकला थांबला. घाट धाकट्याच्या हातापायांना हळूहळू कळत गेला. धक्क्याला लागताना तो अजून उतरून बघायचा, कधी दोनदा, कधी एकदा. मागे लोक खोळंबले तरी खोळंबू द्यायचा. घरी आला की वहिनी पानं वाढायची आणि तो आज कुठे कुठे गेलो ते सांगायचा. दादा मधे मधे म्हणायचा, मी सांगितलं होतं ना, आणि त्यानं काय सांगितलं होतं ते कुणी काढायचं नाही.

सातव्या आठवड्याच्या सोमवारी पहिली एकट्याची खेप होती. आदल्या दिवशी संध्याकाळी धाकटा राखाडी पँट घेऊन समोर गेला. कंबरेला काचत होती. काकांनी त्याला उभं केलं, टेप फिरवला, आणि आतला शेवटचा अर्धा-अर्धा इंच उसवायला घेतला. धाकटा दारात उभ्यानंच बोलत होता. सकाळी लवकर निघायचंय, टायर बघायचेत, दिवे बघायचेत, डबा भरायचाय, पहाटेचा गजर लावायचाय. काकांनी मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि सवयीनं मान वर केली. समोरच्या माडीवरची खिडकी उघडी होती, आत कुणी नव्हतं.

मग त्यांनी वही पुढे ओढली, तारीख घातली आणि लिहिलं: 'कंबर चौतीस. स्वतः आला. घाईत होता.'